गर्दी पांगवण्याचं यंत्र

खालापूरजवळच्या त्या कंपनीत परदेशी गिऱ्हाइकं यायची होती. कंपनी किरणांचं यंत्र बनवायची. ट्रकवरच्या चौकोनी तबकडीतून किरण सुटला की समोरच्याच्या कातडीची आग व्हायची; किरण मात्र डोळ्यांना दिसायचा नाही. गर्दी पांगवायला असलं यंत्र घेणारे देश वाढत होते, विकणारेही. माल चालतो हे दाखवायला गर्दी हवी होती.

ती किशोरने आणली. किशोर कंपनीचा सुपरवायझर, मोहोपाड्याचा. डोंगराखालच्या ठाकरवाडीतून त्याने टेंपोभर मजूर आणले. त्यात जैतू होता आणि त्याची आई पारूबाई. गर्दीत म्हातारी माणसंही दिसली पाहिजेत, असं कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं.

"नुसतं उभं राहायचं," किशोर म्हणाला. "चटका लागला की पळायचं. जखम होत नाय."

मैदानात सगळे उभे राहिले. यंत्र सुरू झालं आणि दुसऱ्याच क्षणी माणसं ओरडत कुंपणाकडे धावली. मांडवात बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पारूबाई धावताना पडली, तिला उठता येईना. जैतू तिला उचलायला वळला, तेवढ्यात एका पिकल्या केसांच्या पाहुण्याने हात वर केला. यंत्र थांबलं. तो साहेबांशी बोलला, साहेब किशोरशी.

"थांब जैतू," किशोर म्हणाला. "यंत्र चालू करतात, मग जा."

"का?"

"त्यांच्याकडे लोक पळतात, पण आपलं माणूस आत पडलं की परत येतात. तसे आले तर यंत्र थोपवतं का, ते बघायचंय त्यांना."

"आई पडलीय माजी!"

"म्हणून तर."

जैतू धावला. किरण लागला तसा तोंड झाकून मागे फिरला. पुन्हा गेला, पुन्हा फिरला. तिसऱ्यांदा मान खाली घालून थेट तिच्यापाशी पोचला आणि त्याने तिचा हात धरला. ती अर्धी उठली. पाहुण्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी ट्रककडे बघून बोट वर केलं. यंत्राचा जोर वाढला. दोघंही किंचाळली. मग जैतूने हात सोडला आणि पळाला.

"नऊ सेकंद," पाहुणा घड्याळ बघत म्हणाला.

यंत्र बंद झालं. पारूबाई हातापायांवर रांगत बाहेर आली. तिच्या दंडावर फोड आले होते. किशोरने मलमाची ट्यूब दिली. टेंपोत जैतू तिच्याजवळ बसायला गेला, तर ती दुसरीकडे तोंड करून बसली.

ऑर्डर मिळाली. त्या नऊ सेकंदांचा व्हिडिओ कंपनी प्रदर्शनांतून दाखवू लागली. महिन्याभराने किशोर पुन्हा वाडीत आला आणि मोबाईल जैतूपुढे धरून हसत म्हणाला, "बघ, देशोदेशी फिरतोयस! नवे पाहुणे येतायत. तुमी दोघंच पायजेत, आई आणि मुलगा. नाय आलात तर वाडीतलं कुणीच कामाला नको, असं साहेब म्हणतात."

जैतू घरात सांगायला गेला. पारूबाईने सगळं ऐकलं होतं. ती लुगडं खोचून बाहेर आली आणि टेंपोत चढली.

"आई, मी या टायमाला सोडणार नाय," जैतू म्हणाला.

"सोडशील रं," ती म्हणाली. "मी पण सोडला असता. तू धरूच नको."

जैतू चढला. किशोरने फाळका लावला.