अस्मीच्या पाठीवरची लय

मैथिलीला सूड घ्यायचा होता. कसा घ्यायचा ते तिला बरेच महिने सुचत नव्हतं, पण घ्यायचा हे ठरलेलं होतं, आणि हे तिने कोणालाही बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याला, जयला, एवढंच दिसायचं की बायको लेकीला वरणभात भरवता भरवता टेबलावर बोटं वाजवते आणि मध्येच, कारण नसताना, दात खाते.

कारण होतं. ते मागच्या फेब्रुवारीत घडलं होतं.

अल ऐनला एका शाळेच्या मैदानावर अमिरातीतल्या ढोल-ताशा पथकांची स्पर्धा होती. मैथिली तेव्हा अल कुसैसच्या पथकात होती आणि अस्मी जेमतेम सहा महिन्यांची. पथकांची रीत अशी की सुरुवात एकटा ताशा करतो. मागे ढोलांच्या रांगा गप्प उभ्या, टिपरं हवेत धरलेली, सगळं मैदान कान टवकारून, आणि पुढे एकच माणूस गळ्यात ताशा अडकवून. त्याने लय उचलली की तिच्यावर सगळे ढोल पडतात. ती चुकली तर त्याची एकट्याची चुकते. लपायला जागा नाही.

ती सुरुवात सुहासिनीताईंनी मैथिलीला दिली होती. ताई पथकाच्या ताशाप्रमुख. मैथिलीला काडी धरायला त्यांनीच शिकवली, आणि त्यांच्यापेक्षा जोरात पळणारा ताशा अख्ख्या अमिरातीत नव्हता.

"ताई, हात गार पडलेत माझे," मैथिली मैदानात उतरण्याआधी म्हणाली.

"पडू देत," हाताला पावडर चोळत ताई म्हणाल्या. "भीती वाटली ना, की लय वाढवायची. सुसाट गेलीस की लोकांना काही कळत नाही. मी वीस वर्षं तेच करतेय."

मैथिली पुढे जाऊन उभी राहिली. मैदान शांत झालं. आणि त्या शांततेत, प्रेक्षकांतून, जयच्या कडेवरून अस्मी रडली.

ते रडणं भुकेचं होतं, हे मैथिलीच्या डोक्याला कळायच्या आत अंगाला कळलं. पान्हा फुटला. पांढऱ्या झब्ब्यावर, ताशाच्या बरोबर वर, ओला डाग पसरताना तिने स्वतःच खाली मान घालून पाहिला. काड्या हलेनात. मागून कोणीतरी दबक्या आवाजात "यल्ला, यल्ला" म्हणत घाई केली. तेव्हा तिला ताईंचा सल्ला आठवला आणि तिने लय वाढवली. ती जी सुटली ती सुटलीच. ढोल बिचारे मागे धावले, एक इकडे, एक तिकडे, आणि जरा वेळाने पथक म्हणून काही उरलंच नाही, नुसता गलका.

मग सुहासिनीताई पुढे आल्या आणि त्यांनी मैथिलीच्या ताशावर तळहात ठेवला. पालथा, सपाट. त्या तळव्याखाली आवाज जागच्या जागी मेला. आपला ताशा सावरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पथक उचललं, दुसरा नंबरही आणला. मैथिली उरलेला वेळ तिथेच उभी होती, काड्या हातात धरून.

इथवर तिने गिळलं असतं. पण बक्षिसाच्या वेळी निवेदकाने हसत विचारलं, सुरुवातीला काय झालं हो? ताईंनी माइक घेतला.

"अहो, बाळंतीण आहे आमची," त्या म्हणाल्या. "दूध सुटलं की ताल सुटतो. समजून घ्या."

सगळं मैदान हसलं.

परतीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाळू होती. जय म्हणाला, "ताईंचा हेतू काही वाईट नसणार."

"जय, गाडी चालव."

त्या सगळ्याचा कोणीतरी काढलेला छोटासा व्हिडिओ मग सगळ्या ग्रुपांवर फिरला. सुपरमार्केटात भाजी निवडताना एक बाई म्हणाली, "तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना?" आणि तिची नजर मैथिलीच्या तोंडावर नाही, झब्ब्यावर गेली. मैथिलीने पथक सोडलं. ताईंचा फोन आला.

"मनाला लावून नको घेऊस गं. स्टेज काय, सगळ्यांनाच झेपतं असं नाही. झांज घे हातात. तीही लागतेच की."

"बघते, ताई," मैथिली म्हणाली, आणि फोन ठेवला.

उम्म अल कुवैनला इंडस्ट्रियल एरियात राजन नावाच्या गृहस्थाची फॅब्रिकेशनची शेड होती. रविवारी सकाळी मशिनं बंद असायची, तेव्हा तिथे एक नवं पथक सराव करायचं. मैथिली अस्मीला घेऊन तिथे गेली.

"या वहिनी," राजन म्हणाला. "आमचं पथक नवीन आहे. इन्शाल्ला यंदा शेवटून पहिले येऊ. तुम्ही चुकलात तरी आमचं काय जाणार?"

"मला सुरुवात हवी. एकटीची."

राजनने तिच्याकडे नीट पाहिलं. "व्हिडिओ बघितलाय मी," तो म्हणाला. "ठीक आहे. घ्या."

घेतली खरी, पण पहिले कित्येक रविवार फजितीचे गेले. समोर पत्र्याची भिंत आणि एक झोपाळू मांजर, एवढेच प्रेक्षक, तरी सुरुवातीची ती शांतता आली की मैथिलीचे हात गार. झब्बा कोरडा असायचा, तरी तिचा हात तपासायला जायचा. मग भीती, आणि भीतीपाठोपाठ ती वाढती लय. "वहिनी, जरा हळू," राजन ओरडायचा, "कॅमेऱ्यात सापडाल, फाइन येईल." पोरं हसायची. मैथिलीही वरवर हसायची.

घरी सराव करावा तर खालच्या मजल्यावरच्या नौशीनचा फोन. "भाभी, मेरा झूमर हिल रहा है." मग मैथिली उशीवर वाजवायची. तेही अस्मी झोपली तर, आणि अस्मी दुपारी झोपायलाच तयार नसायची. खांद्यावर टाकून, पडदे ओढून, हॉलभर फेऱ्या मारत तिला थोपटावं लागायचं.

अशीच एक दुपार होती. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा पडलेला, आत एसीची घरघर. अस्मीने गालाला गाल लावला होता, ओठ अर्धे उघडे, मानेच्या घडीत भात आणि घामाचा वास. मैथिली तिच्या पाठीवर थोपटत होती. दोन थापा. मग थांबायचं. अस्मीचा श्वास लांब होतोय का ऐकायचं. झाला की एक थाप. पुन्हा थांबायचं, आता जास्त वेळ. मग तीन, अगदी हलक्या.

आणि तिच्या लक्षात आलं, आपला हात गरम आहे.

तो थरथरत नव्हता. घाईतही नव्हता. दोन थापांच्या मध्ये केवढी शांतता होती, आणि त्या शांततेची तिला काडीची भीती वाटत नव्हती, कारण ती रिकामी नव्हती. तिथे अस्मीचा श्वास होता. तो ऐकायचा आणि मग मारायचं, एवढंच तर काम.

पुढच्या रविवारी शेडमध्ये सुरुवातीला ती तशीच थांबली. आपलाच श्वास ऐकला, तो पुरता बाहेर गेल्यावर पहिली काडी टाकली. लय जागच्या जागी राहिली. ढोल तिच्यावर असे पडले की पत्रे हलले आणि मांजर निघून गेलं.

"खलास," राजन म्हणाला. "आता शेवटून पहिले काही आपण येत नाही."

गाडी चालवत परत येताना मैथिलीला आणखी एक गोष्ट सुचली. इतक्या वर्षांत सुहासिनीताईंना आपण कधी थांबताना ऐकलंय का? एकदाही नाही. त्यांच्या ताशात श्वासापुरतीसुद्धा फट नसायची. सुसाट, सुसाट आणि सुसाट. भीती वाटली की लय वाढवायची. वीस वर्षं तेच करतेय, असं त्याच म्हणाल्या होत्या.

म्हणजे वीस वर्षं भीती वाटतेय.

मैथिलीला हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं. त्या दिवसापासून तिने अस्मीला थोपटायची लय ताशावर बसवायला घेतली. जयला वाटलं, चला, बायको माणसात आली.

पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा अल ऐनचं तेच मैदान. संध्याकाळचा गार वारा सुटला होता. उम्म अल कुवैनचं पथक उभं राहिलं आणि मैथिली पुढे आली तेव्हा प्रेक्षकांत खुसखुस झाली. लोक विसरले नव्हते. मैदान शांत झालं, आणि त्या शांततेत अस्मीचा आवाज आला, खणखणीत.

"मम्मा, चिप्स!"

लोक हसले. मैथिलीने ते हसणं पूर्ण संपू दिलं. श्वास सोडला. मग पहिली काडी टाकली.

दोन्ही पथकांना सारखे गुण पडले, अल कुसैसला आणि उम्म अल कुवैनला. नियम असा की बरोबरी झाली तर दोन्हीकडचे ताशे समोरासमोर येतात. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत वाजवायचा. ज्याला जमणार नाही तो हरला.

सुहासिनीताई समोर आल्या. हात पावडरने पांढरे.

"बरी दिसतेस," त्या म्हणाल्या. "बाळ कसंय?"

"मजेत."

ताईंनी सवाल टाकले ते वादळासारखे. मैथिलीने एकेक परत केला. करणार नाही तर काय, तिला ते शिकवलेच ताईंनी होते.

"जमलं की गं."

"तुमचंच आहे, ताई."

मग मैथिलीची पाळी आली. तिने दोन थापा मारल्या आणि थांबली. मैदानाला वाटलं, ही पुन्हा अडकली. कोणीतरी "अरेरे" म्हणालंसुद्धा. मैथिलीने एक श्वास जाऊ दिला, मग एक थाप. पुन्हा थांबली, आता आणखी जास्त, इतकी की ध्वजाचं फडफडणं ऐकू आलं. मग तीन, अगदी हलक्या.

एवढाच सवाल. पहिलीतल्या पोराला येईल असा.

ताई किंचित हसल्या आणि वाजवू लागल्या. दोन थापा. थांबल्या. आणि शांतता त्यांच्या अंगावर आली. त्यांची काडी वेळेआधीच पडली. पंचांनी मान हलवली. नियमाप्रमाणे सवाल पुन्हा मागता येतो, ताईंनी मागितला.

मैथिलीने तो पुन्हा टाकला, पहिल्यापेक्षा सावकाश. ताईंनी काड्या उचलल्या आणि तेवढ्यात मैथिलीला एक बारीक आवाज ऐकू आला. ताईंच्या काड्या ताशाच्या काठावर आपोआप किणकिणत होत्या. ते थरथरणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. ताईंनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एवढंच होतं, की केव्हा मारू ते सांग.

नुसती मान डोलवली असती तरी पुरलं असतं. मैथिलीला ते कळत होतं. तिने मान हलवली नाही.

ताईंची काडी पुन्हा आधी पडली. मग घाबरून त्यांनी लय वाढवली, सवालात नव्हतं ते सगळं वाजवलं, आणि मध्येच थबकल्या. आता त्यांच्या ताशावर तळहात ठेवायची वेळ होती. वर्षभर मैथिलीने तो तळहात मनात कितीदा ठेवला होता. पण तिने त्याहून वाईट केलं. कोणी मागितला नसताना तो सवाल तिसऱ्यांदा वाजवला, ताईंच्या डोळ्यांत बघत, लहान मुलाला समजवावा तसा, एकेक थाप सुटी करून.

मैदान आधी गप्प होतं. मग हसलं.

निवेदकाने माइक पुढे केला. "काय झालं हो ताईंना आज?"

"ताई दमल्यात," मैथिली म्हणाली. "वीस वर्षं पळताहेत. समजून घ्या."

पुन्हा हसू उठलं. मागच्या वर्षीचंच ते, तीच माणसं, तेच दात. मैथिलीला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगा, फार गोड लागलं.

पार्किंगमध्ये ती ताशा डिकीत ठेवत होती तेव्हा मागून हाक आली. ताई एकट्याच होत्या. काड्या अजून हातातच, पावडर घामाने ओघळलेली.

"तो शेवटचा वाजवलास तो कोणाचा?"

"माझ्या घरचा आहे."

पथकांत आणखी एक रीत आहे: कोणी काही शिकव म्हणालं तर नाही म्हणायचं नसतं, मग तो समोरच्या पथकातला का असेना. ताईंनी स्वतः कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, हे मैथिलीलाही कबूल करावं लागलं असतं.

"मला शिकवशील?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. "थांबणं होत नाही गं माझ्याकडून. कधीच झालं नाही."

मैथिलीने गाडीकडे पाहिलं. एवढ्या गलक्यात अस्मी जयच्या खांद्यावर गाढ झोपली होती, हातात चिप्सचं रिकामं पाकीट. ताशा वाजत असतानाच झोपली, असं जय मघाशी सांगत होता. तो सवाल दुसऱ्यांदा वाजला तेव्हा.

"बघते, ताई," मैथिली म्हणाली.

तिने जयच्या खांद्यावरून लेकीला उचललं आणि मागच्या सीटवर तिला घेऊन बसली. जयने आरशातून पाहिलं.

"शिकवणारेस?"

"गाडी चालव."

दिव्याच्या खांबाखाली ताई अजून उभ्या होत्या, आणि ते मैथिलीला मान न वळवताही ठाऊक होतं. अस्मी चुळबुळली तसा तिचा हात आपोआप त्या इवल्या पाठीवर गेला. दोन थापा. मग ती थांबली. श्वास लांब झाला, तरी थांबून राहिली, खांब मागे पडेपर्यंत.