नावासाठी निघालेला कांदेवाला

नदीकाठच्या दिरे गावी वेळेवर पोहोचला असता तर अंबाकाने या कांदेवाल्याला नातू आणि नाव दोन्ही मिळणार होतं. तसं नाव जन्मापासून त्याच्याकडे होतंच, पण आता ते एका कोवळ्या अंगावर चढून त्याच्या पश्चात आणखी साठ-सत्तर वर्षं जगात फिरणार होतं. आजोबाचं नाव लावलेल्या पोराला आई नावाने हाक मारत नाही, ‘बाबा’ म्हणते. कुणी त्याला चापट मारत नाही, कारण ती आजोबाला लागते. एवढा मान अंबाकानेला स्वतःच्या घरात कधी मिळाला नव्हता. तो नातवामार्फत वसूल करावा, असा त्याचा साधा हिशेब होता.

आजवर हा हिशेब तीनदा फसला होता. थोरल्या मुलाला मुलगा झाला तेव्हा नाव बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरचं ठेवलं. दुसऱ्याच्या वेळी व्याह्याने बारशाला कापायचा बोकड स्वतः आणला आणि बोकडासोबत नावही. तिसऱ्या खेपेला जुळे झाले, आणि जुळ्या मुलग्यांची नावं जगाने आधीच ठरवून ठेवलेली: हसन आणि हुसेन. अंबाकाने त्या दिवशी सगळ्यांना शुभप्रसंगी चघळायच्या कोलाच्या बिया वाटत हसत हिंडला आणि मग परसात जाऊन कांद्यांच्या ढिगावर बसून राहिला.

उरली धाकटी लेक, यासिगी. ती डोंगर सोडून नदीकाठी, दिरेच्या एका सोन्घाय जमातीच्या घरात पडलेली. पोटात पोर असल्यापासून ती सासरी भांडत होती, “मुलगा झाला तर माझ्या बाबांचं नाव.” अखेर तिचा सासरा अलकाया म्हणाला, “ठीक आहे. पण तुझ्या बाबांनी स्वतः यायचं. आठव्या दिवशी इमाम नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकतील त्याआधी ते अंगणात दिसले तर नाव त्यांचं. नाही दिसले तर माझं.” सासूने यावर मान हलवली, पण ती होकाराची होती की नाही हे यासिगीला कळलं नाही.

मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा दिवस पुरून उरत होते. लॉरीने तर आणखी लवकर गेला असता, पण लॉरीत अंबाकानेला उलट्या होतात, आणि नातवाला आपलं नाव द्यायला जाणारा माणूस झग्यावर तसले डाग घेऊन अंगणात शिरला तर नाव घेणार कोण? म्हणून तो कांद्यांचं एक पोतं घेऊन नदीवरच्या मोप्ती गावच्या घाटावर आला आणि बारेमाच्या लांब मोटरहोडीत बसला.

इथेच चुकलं. बारेमा बोझो होता, मासेमारांच्या जातीचा. अंबाकाने डोंगरातल्या दोगोन जमातीचा. या दोन जमातींत लग्न होत नाही, मारामारी होत नाही आणि राग धरता येत नाही. एकमेकांना शिव्या मात्र पोटभर द्यायच्या, आणि दुसऱ्याने या नात्याचा वास्ता देऊन काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. डोंगरात राहून हे नातं मिरवायला सोपं असतं, कारण तिथे बोझो फारसे भेटत नाहीत. नदीवर दुसरं कुणी भेटत नाही.

“या, या, कांदेशेठ!” बारेमा ओरडला. “वास आधी आला, तुम्ही मागून.”

“तुझ्या होडीला माशाचा वास येतो म्हणून आणलेत कांदे,” अंबाकाने म्हणाला. “निदान माणसांत बसल्यासारखं वाटेल. तीन दिवसांत पोचवशील ना?”

“तीन दिवसांत मी तुम्हाला पोहायलासुद्धा शिकवीन.”

होडी गच्च भरली होती. मिठाच्या लाद्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, शेळ्या आणि शेळ्यांवर बसलेल्या बायका. अंबाकाने पुढच्या टोकाला बसला आणि होडी मनाने ढकलू लागला. प्रत्येक थांब्याला तो उभा राही, आकाशाकडे बघे, घसा साफ करी. यामुळे होडी जोरात जाते अशी त्याची समजूत होती.

पहिल्याच दिवशी एका गावी दोन म्हातारे पाण्यात उतरले आणि होडीची कड धरून म्हणाले, “बारेमा, होडीत कुणी दोगोन आहे का?”

अंबाकानेने पागोटं खाली ओढलं. बारेमाने बोट दाखवलं.

गावात एक जख्ख म्हातारा मासेमार गेला होता, कोमू नावाचा. भरल्या वयात माणूस गेला की बोझोंच्या घरी दोगोनाने यायचं आणि मेलेल्याची नक्कल करून घरच्यांना हसवायचं. दोगोन मिळाला नाही तर रडणं नुसतं रडणंच राहतं, ते कुठे संपवायचं कळत नाही.

“मी कोमूला कधी पाहिलंही नाही,” अंबाकाने म्हणाला. “आणि मला दिरेला नावासाठी—”

“नात्याचा वास्ता,” एक म्हातारा म्हणाला. झालं.

बायकांनी त्याला बाजूला घेऊन घाईघाईने शिकवलं. कोमू लंगडायचा, सारखा साखर मागायचा आणि कुणाचाही मासा आपल्या माशापेक्षा लहानच म्हणायचा. मग अंबाकाने, ज्याला डोंगरातल्या बांदियागाराच्या बाजारात कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, काठी टेकत अंगणात लंगडत आला. “साखर कुठाय? मी मेलो म्हणून साखर बंद केली का?”

कोमूची म्हातारी बायको भिंतीशी गप्प बसली होती. तिने वर पाहिलं. “अहो, तो डावा पाय होता!”

“मेल्यावर बदलला,” अंबाकाने म्हणाला. “डावा तुझ्याकडे ठेवून आलोय, तुडवायला.”

म्हातारी हसली. तोंडावर पदर घेऊन इतकी हसली की शेवटी ते हसणं रडणं झालं, आणि सगळ्या अंगणाने मोकळा श्वास घेतला. पुढची सबंध दुपार लोक अंबाकानेला सोडेनात. त्याने मेलेल्याच्या नावावर तीन पोती कांद्यांची उधारी काढली, मेलेल्याच्या मुलांना नालायक ठरवलं आणि खाटेवर लोळून ‘मला उचला, जड नाहीये मी, बढाया सगळ्या बाहेर सांडल्यात’ असं ओरडला. होडी सुटली तेव्हा त्याच्या मांडीवर भाजलेला मासा होता, कानात अजून लोकांचं हसू होतं.

“उशीर केला या मासेखाऊंनी,” तो बारेमाला म्हणाला.

“हो ना,” बारेमा म्हणाला. “मी चारदा शिटी वाजवली. तुम्ही उठून दुसऱ्या पायाने लंगडायला लागलात.”

इथून पुढे होडीचे थांबे लांबत गेले आणि हातचे दिवस सरत गेले. अंबाकाने थांब्याला उभा राहून आकाशाकडे बघायचा, पण आता काठाकडेही बघायचा. काठावर कुणी वाट बघतंय का, कुणी दोगोन विचारतंय का, हे तो पागोट्याच्या आडून चोरून पाहत असे. कुणी विचारलं नाही की त्याला हायसं वाटे आणि थोडं वाईटही. देबो सरोवरात होडी शिरली तेव्हा पाणी चारही बाजूंनी आभाळाला टेकलेलं होतं, आणि शेळ्यासुद्धा गप्प झाल्या. एका बाईने त्याला तांदूळ आणि सुकटीचा कालवलेला घास दिला. घास गिळून झाल्यावर अंबाकानेच्या लक्षात आलं की आज सकाळपासून आपल्याला दिरेची आठवण झाली नाही. त्याने ती लगेच करून घेतली.

सरोवराच्या पलीकडच्या काठावर एका गावात दोन भाऊ बापाच्या जाळ्यावरून भांडत होते. भांडण एवढं जुनं की जाळं मधोमध कापून झालं होतं, आणि अर्ध्या जाळ्यात मासा राहत नसल्यामुळे दोघंही उपाशी होते. गावचा मुखिया होडीपाशी आला. बारेमाने या वेळी बोट दाखवलं नाही. अंबाकाने आपणच उठून उभा राहिला होता.

झाडाखाली गाव जमलं. दोन्ही भाऊ पाठीला पाठ लावून बसले. अंबाकाने मध्ये गेला, दोन्ही तुकडे गोळा करून खांद्यावर टाकले आणि म्हणाला, “नात्याचा वास्ता. जाळं माझं. कांद्यांवर पसरीन, कोंबड्या चोच मारतात.”

“कांद्यांवर?” थोरला ओरडला.

“बापाचं जाळं?” धाकटा ओरडला.

“कोंबड्यांसाठी?” दोघं एकदम ओरडले, आणि आपण एकदम ओरडलो हे लक्षात येऊन एकमेकांकडे बघितलं. गाव खदखदून हसलं.

नेमक्या त्याच वेळी काठाला एक छोटी वेगाची मोटरबोट लागली. तीत लस टोचणारी एक नर्स होती. तिने मुखियाकडून पाणी घेतलं, जाळ्याचं, बारशाचं सगळं ऐकलं आणि अंबाकानेला म्हणाली, “बाबा, मी सरळ दिरेलाच चाललेय. कुठे थांबायचं नाही. संध्याकाळच्या आत पोचवते, उद्या बारसं गाठाल. चला, पोतं उचला.”

अंबाकानेच्या खांद्यावर जाळं होतं. समोर गाव होतं, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, आणि सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. डोंगरात गावचे पुरुष गप्पांना जमतात त्या बुटक्या छपराखाली तो बोलायला लागला की लोकांना नेमकी शेळ्यांची आठवण येते. इथे कुणी हलत नव्हतं. भाऊ आता नरमले होते, त्यांना आणखी एक धक्का हवा होता, आणि तो धक्का कुणीही दिला असता. मुखियाने दिला असता. एखाद्या शेळीनेही दिला असता. हे अंबाकानेला तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर त्याने कधी ‘कर्तव्य होतं’ असं म्हटलं नाही, एवढी लाज त्याने राखली.

“तू जा, पोरी,” तो म्हणाला. “बारेमाची होडी सकाळी पोचतेच.”

बारेमा तेव्हा झाडाच्या पलीकडे तिसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

बोट गेली. अंबाकानेने भावांना सांगितलं की जाळं परत हवं तर शेजारी बसून शिवा, टाका एकाने घालायचा, गाठ दुसऱ्याने मारायची. ते शिवत बसले. तो बघत बसला. मधूनमधून ‘हा टाका कोंबडीनेही याहून बरा घातला असता’ असं म्हणत होता आणि लोक हसत होते. ऊन उतरलं, जाळं पुरं झालं, आणि धाकट्याने थोरल्याच्या बोटात रुतलेली सुई काढली. अंबाकानेला वाटलं, आयुष्यभर आपण चुकून कांद्यांत होतो.

दिरेला तो पोचला तेव्हा बारसं आदल्या दिवशी उरकलं होतं. अंगणात शिळ्या राखेवर कोंबड्या फिरत होत्या. अलकाया चटईवर बसला होता, त्याची बायको धान्य पाखडत होती, शेजारपाजारचे चार पुरुष चहाला आले होते. यासिगी दारात बाळाला घेऊन उभी राहिली.

रस्ताभर अंबाकानेने उत्तर तयार केलं होतं. होडीवाले उशीर झाला की काय सांगतात, ते त्याने मोप्तीच्या बाजारात अनेकदा ऐकलेलं.

“काय सांगू, व्याही,” तो म्हणाला, “होडी वाळूवर रुतली. दीड दिवस. आम्ही सगळे उतरून ढकलत होतो, वाळू गुडघ्याएवढी.”

मग चहा ओतणारा माणूस किटली खाली ठेवून खोकू लागला, आणि ते खोकणं नव्हतं. सगळं अंगण फुटलं. पावसाचा पूर वरच्या मुलखातून इथे उशिरा पोचतो, त्यामुळे थंडीच्या त्या महिन्यात नदी काठोकाठ भरलेली असते. वाळू कुठे आहे हे फक्त माशांना ठाऊक असतं. हे नदीकाठच्या रांगत्या पोराला कळतं. डोंगरातल्या माणसाला नाही.

मागून बारेमा कांद्यांचं पोतं घेऊन आत आला. अलकायाने त्याला विचारलं, “का रे, होडी रुतली होती म्हणे?”

बारेमाने अंबाकानेकडे पाहिलं आणि झटकन समजला. “रुतली होती,” तो म्हणाला. “वाळूवर नाही. या कांदेखाऊवर. काही केल्या उठेचना.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं, लंगडणं, साखर, जाळं, मोटरबोट. लोक पोट धरून हसले. अलकायासुद्धा हसला आणि व्याह्याला हाताला धरून शेजारी बसवलं. अंबाकानेने उठून पुन्हा एकदा लंगडून दाखवलं, कारण बारेमा ते बरोबर करत नव्हता.

यासिगी हसली नाही. लोक पांगल्यावर तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

“मी इमामांना तीनदा चहा पाजला, बाबा,” ती म्हणाली. “बोकड उन्हात बांधून ठेवला. म्हटलं, येतील, वळणावर असतील. दुपारपर्यंत थांबवलं सगळ्यांना. सासूबाई म्हणाल्या, डोंगरातल्या लोकांना दिवस मोजता येत नसतील. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझे बाबा नावासाठी नदी पोहून येतील.”

“चुकलं माझं,” अंबाकाने म्हणाला.

“मजा आली का पण?”

तो खोटं बोलू शकला असता, पण एका दिवसात दोनदा खोटं बोलण्याइतकी त्याची तयारी नव्हती. “खूप,” तो म्हणाला. “इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ हसायला लागले, आणि तिला स्वतःलाही यातलं कुठलं आधी थांबवायचं ते कळेना. बाळ झोपेत तोंड हलवत होतं. त्याचं नाव अलकाया.

आता हिशेब असा. कोमूच्या बायकोला हसू मिळालं, भावांना अखंड जाळं मिळालं, बारेमाला दोन्ही काठांवर सांगत फिरायला गोष्ट मिळाली. अलकायाला नाव मिळालं, तेही बसल्या जागी. अंबाकाने नदीवरचे दिवस खिशात घालून गेला. परत जाताना लॉरी उभी होती तरी पुन्हा बारेमाच्याच होडीत बसला आणि लेकीला हात हलवताना पोरासारखा आनंदात दिसला. याची किंमत एकाच माणसाने भरली आणि ते माणूस अजून भरतंय. बाळ बघायला कुणी नवी बाई अंगणात आली की यासिगीची सासू सूप खाली ठेवते आणि सांगते, “नाव आमच्याकडचं आहे हो. आमची माणसं वेळेवर येतात.” आणि यासिगी आत जाऊन पाहुण्यांसाठी पाणी आणते.