चुण्या

"धागा तुम्ही ओढलात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बायको बाहेर फॉर्म भरत होती. मी हो म्हणालो.

आता ओढणार नाही तर काय? बत्तीस वर्षं कपडे दुरुस्त करतोय मी. लोंबता धागा दिसला की हात आपोआप जातो. एकदा रांगेत पुढच्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा धागा ओढला आणि चारचौघांत बोलणी खाल्ली, तरी सवय गेली नाही. सकाळी आमच्या मांजरीच्या, मॅडमच्या, शेपटीखाली चार बोटं धागा लोंबताना दिसला. निळा, घरातल्या माझ्याच मशीनवरचा. ओढला. थोडा आला आणि अडकला. मग जरा जोर लावला, तशी ती अशी ओरडली की माझ्या हातातून सुटलीच. धागा तुटून हातात आला. आला बाहेर, सुटली बिचारी, असं समजून मी तो कचऱ्यात टाकला. बायको आंघोळीला गेली होती. दुपारपर्यंत मॅडम ओकून ओकून मशीनखाली आडवी झाली.

मॅडम हे नाव बायकोनेच ठेवलेलं. बेतलेल्या कापडावर बसायची हिंमत आमच्या घरात दुसऱ्या कुणाची नव्हती. मूलबाळ नाही आम्हाला. मी दिवसभर दुकानात, ही घरी काजं-बटणं करणार आणि मांजराशी गप्पा मारणार. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. धाग्याचं एक टोक जिभेखाली अडकलंय, बाकीचा पोटात गेलाय, असं त्यांनी सांगितलं. मग ॲप्रनची कड बोटांवर गोळा करत म्हणाल्या, "आतडं त्या धाग्यावर असं गोळा होत जातं."

"चुण्या," मी म्हणालो.

"हो, तसंच. म्हणून ओढायचा नसतो. ओढला की तो आतून कापत जातो."

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. चुण्यांचा दोरा जास्त ताणला की कापड फाटतं, हे मी शिकाऊ असल्यापासून जाणतो.

ऑपरेशन आजच्या आज हवं होतं. पस्तीस हजार, त्यातले निम्मे आधी. बायको ऐकून "होतील की" म्हणाली. पाव किलो साखर आणायची असावी, अशा आवाजात. घरात होते सहा.

मी दुकानाच्या मालकाकडे गेलो आणि गाढवासारखं खरं काय ते सांगून टाकलं. तो हसला. वाईट माणूस नाही तो, पण हसला. मांजरं काय, गल्लीत ढिगाने मिळतात म्हणाला. बायको आजारी आहे म्हणालो असतो तर त्याने दिले असते. पण ते सुचलं जिना उतरल्यावर, आणि तेव्हा खोटं बोलायची सोय उरली नव्हती. तिकडे बायकोने भावाला फोन केला होता. ताई, तुला वेड लागलंय का, एवढंच विचारून त्याने ठेवून दिला.

पाच वाजता परत आलो. डॉक्टरीणबाईंनी आपली फी सोडायची तयारी दाखवली. तरी औषधं, भूल, सामान यांचे पैसे होतेच, आणि तेही आमच्याकडे नव्हते. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, फार त्रास होतोय तिला, असंच ठेवणं बरं नाही. इंजेक्शन देते. त्याचे काही नकोत.

"दुखेल का?" बायकोने विचारलं.

"नाही."

तिने मॅडमला मांडीवर घेतलं. कानामागे खाजवत राहिली. श्वास थांबल्यावरही खाजवत होती, शेवटी मीच तिचा हात धरला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"परवा रीळ मीच उघडं टाकलं होतं," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "माझ्यामुळेच झालं ना हे?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. वाट बघितली. मी भिंतीवरचा लशींचा तक्ता वाचायला लागलो.

"मांजरं काहीही गिळतात हो," त्या शेवटी म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

बायको माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते तिचे. "तुमचाही जीव होता तिच्यावर," ती म्हणाली. "मला माफ करा."

"असू दे," मी म्हणालो.