बटणात दोष आढळला नाही

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे. वय म्हणाल तर अवघ्या तीन वर्षांचे, पण ज्याचे काम संपले त्याला जुनेच म्हणायचे. सिंगापूरच्या एका वसाहतीत चालकाशिवाय धावणारी छोटी बस होती, तिच्यात मी बसवलेले होते. मला दाबले की बस जागच्या जागी थांबे. कारखान्यात मला दहा हजार वेळा दाबून पाहिले होते आणि मी एकदाही चुकले नव्हते, त्यामुळे सुरुवातीला मी जरा तोऱ्यातच होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर जमारी अंकल बसत. एकतीस वर्षे त्यांनी मोठ्या बस चालवल्या होत्या. आता बस आपली आपणच चालणार होती. त्यांनी नुसते रस्त्याकडे पाहायचे आणि वेळ आली तर मला दाबायचे. दाबले की समोरच्या पडद्यावर त्याचे कारण लिहायचे.

बाजारामागच्या रस्त्यावर रोज सकाळी तिओ आंटी भेटायच्या. वय ब्याऐंशी. दुकानांनी टाकलेले पुठ्ठ्याचे खोके उलगडून त्या ढकलगाडीवर रचत. ढीग त्यांच्या डोक्याहून उंच होई आणि मागून ढकलणाऱ्या आंटी दिसतच नसत. रस्ता ओलांडायची त्यांची जागा ठरलेली होती, फक्त ती पांढऱ्या पट्ट्यांवर नव्हती. ढीग दिसला की अंकल मला दाबत आणि खिडकीतून मान बाहेर काढत.

"आंटी, पट्ट्यांवरून जायला कधी शिकणार?"

"पट्ट्या तिकडे, खोके इकडे. माझे गुडघे काय तुझ्या कंपनीने बसवून दिलेत? आणि तू कसला रे ड्रायव्हर, हात तर मांडीवर!"

"ड्रायव्हर नाहीच मी. लग्नातला म्हातारा आहे. बसायचं, बघायचं, जेवून घरी जायचं."

त्या हसत हसत पलीकडे जात आणि आत बसलेले लोक घड्याळ बघत. त्यातच बसला आणखी एक खोड होती. वाऱ्याने एखादा रिकामा खोका समोर आला तरी ती दचकून थांबे. तक्रारींचा पाऊस पडला. मग अभियंत्यांनी तिला शिकवले, की पुठ्ठा दिसला म्हणून थांबायचे नाही. सगळ्यांना हायसे वाटले, मलाही वाटले.

एके दिवशी व्यवस्थापक मिस क्वेक बसमध्ये आल्या. आवाज अगदी मधाळ.

"अंकल, साठ दिवस बटण न दाबता गेले तरच बसला एकटं फिरायची परवानगी मिळते. तुमच्यामुळे आमची मोजणी रोज पहिल्यापासून सुरू होते."

"समोर म्हातारी बाई असते, मॅडम."

"बस स्वतः थांबते की नाही, हे तुम्ही बघता कुठे? आधीच दाबून मोकळे होता." मग त्या हसल्या. "बस एकटी फिरायला लागली की तुमची खुर्ची जाणार, हे आम्हालाही कळतं. पण नोकरी टिकवायला बटण दाबणं शोभत नाही तुम्हाला."

हा टोमणा वर्मी लागला. अंकलचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी माझ्यावर पारदर्शक झाकण बसवले गेले. चुकून हात लागू नये म्हणून, असे सांगण्यात आले.

"जमारीला फुकटची खुर्ची नको," अंकल पुटपुटले. "बस स्वतः थांबते का, बघू दे त्यांना."

त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. आंटी कधी आधीच पलीकडे गेलेल्या असत, कधी पुढच्या गाडीमुळे बस थांबे. निभावत गेले. पन्नासाव्या दिवशी कार्यालयातून अभिनंदनाचे पत्र आले. बटण न दाबल्याबद्दल अभिनंदन! मित्रांनो, खरे सांगते, मलाही तेव्हा बरे वाटले. आपल्यावाचून सगळे सुरळीत चालले आहे, हे सुद्धा कौतुकच आहे असे मी मानले. त्याची लाज मला आजही वाटते.

बावन्नाव्या दिवशी मालमोटारीमागून पुठ्ठ्यांचा ढीग रस्त्यावर आला. बसला पुठ्ठा दिसला. अंकलना ढिगाखालची निळी चप्पल दिसली. त्यांचा हात माझ्यावर आला आणि झाकणावरच थांबला. "थांब, थांब ना," ते बसला म्हणाले. मग त्यांनी झाकण उघडून मला दाबले. मी तत्क्षणी काम केले आणि बस थांबली, पण तोवर तिओ आंटी चाकाखाली गेल्या होत्या. दवाखान्यात न्यायचीही वेळ उरली नाही.

पुढे चौकशी झाली. बसने शिकवल्याप्रमाणेच केले, असे अभियंते म्हणाले. तक्रारी आल्या म्हणून आम्ही तसे शिकवले, असेही म्हणाले. झाकण लावणाऱ्याने ते चुटकीसरशी उघडून दाखवले. मिस क्वेक यांनी एक कागद पुढे केला. 'धोका दिसताच बटण दाबावे' असे त्यावर छापले होते आणि खाली अंकलची सही होती. मला टेबलावर ठेवून पुन्हा पुन्हा दाबले गेले. बटणात दोष आढळला नाही, असे लिहिले गेले. बटण चांगले ठरले, तेव्हा वाईट ठरायला हात तेवढा उरला.

"बटण दाबू नका, असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" अधिकाऱ्याने विचारले.

त्या शब्दांत कोणीच सांगितले नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "पण मला चप्पल दिसली होती, साहेब. मी तेव्हाच दाबायला हवं होतं. चुकलं माझं."

त्यांच्या वकिलाने बाही ओढली, पण शब्द निघून गेला होता. बाकी सगळ्यांनी 'आम्हाला खेद आहे' एवढेच म्हटले होते. 'चुकलं' म्हणणारा एकच माणूस निघाला आणि सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटले. खटला चालला आणि जमारी अंकल तुरुंगात गेले.

निकालानंतर आंटींची मुलगी सिओक हुआ मिस क्वेक यांच्यासमोर उभी राहिली.

"माझी आई एवढ्या मोठ्या बसखाली गेली," ती म्हणाली. "आणि दोष एका म्हाताऱ्याच्या मुठीत मावला?"

"प्रकरण संपलं आहे, मॅडम," मिस क्वेक म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

आता मी पुराव्यांच्या खोलीत एका पिशवीत आहे. मला कशासाठी बसवले होते, ते इथे आल्यावर कळले. बस थांबवणे हे माझे काम होतेच, पण काही घडले तर बोट दाखवायला एक माणूस हाताशी असावा, हे त्याहून मोठे काम होते. ते मी चोख बजावले.

तुम्ही मोठे व्हाल, यंत्रे बनवाल, माणसे कामाला लावाल. ज्याच्या हाताशी बटण द्याल त्याला ते दाबूही द्या. दाबल्याबद्दल त्याला हसू नका. एवढीच माझी विनवणी आहे, आणि ती कोणी ऐकेल असे मला वाटत नाही.

कारण त्याच रस्त्यावर आता नव्या बस धावतात. त्यांच्यात खुर्ची नाही, बटण नाही. उद्या पुन्हा कोणी चाकाखाली गेले, तर 'चुकलं माझं' म्हणायलाही आत कोणी नसेल.