आखाडाचा वाटा

आखाड सरत आला होता. आभाळ रोज भरून यायचं, वाऱ्यावर तरंगत खर्ड्याकडं निघून जायचं आणि कर्जतकडच्या माळावर नुसती धूळ उडायची. अशाच एका कोरड्या सकाळी शहजादी मुलाणी वैजनाथअण्णाच्या बंगल्यापुढं उभी राहून तोंडाचा पट्टा सोडत होती आणि समोरच्या पारावर बसलेलं गाव फुकटचा तमाशा बघत होतं.

"गावात बोकड कापला आन मुलान्याला बोलवलं न्हाई? घरोघर वाटे गेले, मग आमचा हक्क कुनी गिळला? मुंडी आन पाय माज्या सासऱ्याच्या बापापास्नं आमच्या घरी येत्यात!"

रीतच होती तशी. बोकड कुणाचाही असो, त्याच्या मानेवर सुरी फिरायची ती शहजादीच्या नवऱ्याची, अब्दुलची. त्याशिवाय गावात कुणी मटणाचा घास उचलत नसे. त्या सुरीचा मान म्हणून मुंडी आणि पाय त्याच्या घरी जायचे. यंदा वैजनाथनं आखाडाचे वाटे गावभर पोचवले, पण अब्दुलला कुणी हाकसुद्धा मारली नव्हती.

रेश्मा गाडी लावून ऐकत होती. ती माळावरची वनरक्षक, आणि याच गावची लेक. काळविटांच्या कळपातला मोठा काळा नर परवापासून दिसत नव्हता. ओढ्याच्या काठाला तिला तारेचा फास सापडला होता, मुरमावर वाळलेलं रक्त सापडलं होतं. पण ना कातडं, ना शिंगं. तेवढ्यावर धरणार कुणाला? आता शहजादीचं ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलाण्याला बोलावलं नाही, कारण कापलेला तो बोकड नव्हताच.

ती पारापाशी गेली. "बोकड कुनाचा हुता वो?"

"माज्या मेव्हन्याचा," सहादेव म्हणाला.

"बाजारातनं आनल्याला," पुंजाराम त्याच दमात म्हणाला.

"नवसाचा हुता," मागून तिसरा बोलला.

खोटं बोलायलाही अक्कल लागते, आणि हा पार जन्मापासून तिच्यावाचूनच बसलेला. कुणी वर बघेना. दातांत अडकलेले धागे अजून निघाले नसतील, आणि चेहरे मात्र एकादशी धरल्यासारखे.

तेवढ्यात वैजनाथ फाटकातून बाहेर आला. हा माजी सरपंच, पण रुबाब अजून खुर्चीत बसल्याचा. रेश्माकडं बघून तो गालात हसला.

"कुनाकुनाला धरशील, रेश्मे? समद्या गावानं खाल्लंय. लई हौस आसंल तर आदी तुज्या आयच्या तोंडाचा वास घे."

रेश्मा वळली. गोजराबाई, तिची आई, भांडण बघायला आलेली, बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला.

"आये, घेतलास वाटा?"

"दारात आल्याला वाटा माघारी लावत न्हाईत. बोकड म्हनून घेतला."

"आन खाताना कळलं न्हाई?"

"कळलं," गोजराबाई हळूच म्हणाली. "पर तवर दुसरी भाकर मोडली हुती."

पारावर कुणीतरी फिसकन हसलं. रेश्माला साऱ्या गावाची किळस आली. आईचीही आली, आणि ती जास्त झोंबली.

इकडं शहजादीला हरणाशी काहीच देणंघेणं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि बंगल्याच्या दाराकडं तोंड करून शेवटचं अस्त्र काढलं.

"रंगे! हक्क मारलास आमचा! घरात सून पोटुशी हाय तुजी, ध्यानात ठेव. मुलान्याची हाय लागल्याबिगर ऱ्हायची न्हाई!"

आतून काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. वैजनाथची बायको रंगुबाई धावत परसात गेली, कडब्याच्या गंजीत हात घालून तिनं एक पोतं ओढलं आणि तशीच फरफटत फाटकाबाहेर आली. वैजनाथ "आगं, आगं" करेपर्यंत पोतं शहजादीच्या पायांवर पडलं होतं.

"घे तुजा हक्क! पर माज्या सुनंचं नाव काडू नगंस!"

पोत्याचं तोंड सुटलं. माशांचा घोंगाट उठला आणि दोन लांब, पीळदार शिंगं बाहेर आली. बैठकीच्या भिंतीवर लावायला म्हणून वैजनाथनं मुंडी जपून ठेवली होती. चोरून मारायचं, आणि वर मिरवायचंही!

सगळ्यात आधी सावरला तो वैजनाथच.

"बगितलंस, रेश्मे? पोतं मुलान्याच्या बाईनं आनलंय. यांचा धंदाच कापायचा. लिव्ह अब्दुलचं नाव."

रंगुबाई आ वासून नवऱ्याकडं बघत राहिली.

"व्हय की, तिच्याच हातात हुतं," सहादेव म्हणाला.

"मी तर तमाखू मळत हुतो, मला काय दिसलं न्हाई," पुंजाराम म्हणाला, आणि पुन्हा मळायला लागला.

इतका वेळ गाव डोक्यावर घेणारी शहजादी खाली मुरमात बसली. अब्दुलनं ज्या जनावराला हात लावला नाही, त्याच्यापायी त्याला बेड्या पडणार होत्या. रेश्मानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, पण कोर्टात एकट्या गार्डाची साक्ष वैजनाथचा वकील चहाबरोबर पिऊन टाकील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावातलं माणूस हवं होतं. तिनं एकेकाकडं बघितलं. माना खाली होत्या.

"रंगीनं फेकलं."

गोजराबाई घोळक्यातून पुढं आली होती. पदर तोंडावरून काढला होता तिनं.

"कडब्यातनं काडून आनलं, आन फेकलं. मी हितंच उबी हुती."

"गोजराकाकू," वैजनाथ दबक्या आवाजात म्हणाला, "इचार करून बोला. तुमी बी खाल्लंय. तुमाला बी आत टाकत्याल."

"टाकू द्या. रेश्मे, लिव्ह. वाटा वैजनाथच्या घरनं आला, सहादेव घिऊन आल्ता. म्या रांदला, म्या खाल्ला. हे बी लिव्ह."

सहादेवच्या तोंडाचं पाणी पळालं. रेश्मानं मोबाईल काढून हापिसात कळवलं, आणि आईचा जबाब शब्दन् शब्द लिहून घेतला. जीप येईपर्यंत ती पोत्याजवळून हलली नाही. शहजादी गोजराबाईचा हात धरून बसून राहिली.

वैजनाथला जीपमध्ये घातलं, तेव्हा पारावरच्या मंडळींना एकदम कंठ फुटला.

"काकू, गावाची अब्रू घालवलीत तुमी," सहादेव म्हणाला.

घराकडं निघालेली गोजराबाई थांबली.

"अब्रू? ती परवाच भाकरीत कुस्करून खाल्ली आपन, सहादेव. माज्या घशाशी आली, म्या वकली. तुमची पचली."