झेंड्याची जागा

मित्रांनो, जरा मान वर करा, म्हणजे मी दिसेन. अमेरिकेतल्या फेअरलो नावाच्या लहानशा गावात, प्राथमिक शाळेच्या पायऱ्यांपुढे उभा असलेला मी एक जुना लोखंडी ध्वजस्तंभ आहे. माझ्या पायाशी गंज चढला आहे, पांढऱ्या रंगाचे पोपडे निघत आहेत आणि शेंड्यावरचा सोनेरी गोळा कबुतरांनी केव्हाच बळकावला आहे.

माझा जन्म जवळच्याच एका पोलाद कारखान्यात झाला. तो कारखाना आता बंद पडला. मला ट्रकवर आडवा बांधून इथे आणले आणि उभे केले, तेव्हा शाळेच्या पोरांनी बँड वाजवला, बायकांनी मक्याची गरम कणसे वाटली. मी किती उंच आहे यावर दोन म्हाताऱ्यांची पैजही लागली होती. अर्थात नव्याचे नऊ दिवस. नंतर लोक माझ्याकडे न बघताच झेंड्याकडे बघू लागले. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. माझे कामच ते होते.

रोज सकाळी चौथीतली मुले पाळीपाळीने झेंडा चढवतात आणि शाळा सुटताना उतरवून त्याची त्रिकोणी घडी घालतात. त्यांना हे शिकवतो शाळेचा शिपाई वेंडेल. उंच, पाठीत वाकलेला, बोलायला कंजूष. झेंड्याचे टोक जमिनीला लागलेले त्याला खपत नाही. "बाळांनो, आजीची शाल धरता तसा धरा," एवढेच तो म्हणतो.

झेंडा अर्ध्यावर आणायची वेळ पूर्वी क्वचित येई. कुणी मोठा माणूस गेला तर. त्याचीही एक रीत आहे. झेंडा आधी थेट शेंड्याला नेऊन टेकवायचा आणि मग सावकाश अर्ध्यावर आणून बांधायचा. पुढे मात्र दिवस पालटले. कुठे शाळेत, कुठे बाजारात, कुठे प्रार्थनेला जमलेल्या माणसांत कुणीतरी बंदूक घेऊन शिरे, आणि शाळेच्या कचेरीत राज्याच्या राजधानीहून हुकूम येई, झेंडा अर्ध्यावर घ्या. चार दिवस लोक हळहळत, मग ये रे माझ्या मागल्या. झेंडा अर्ध्यावर असताना दोराचा जो भाग माझ्या कप्पीवर येतो, तोच हल्ली आधी झिजतो.

एकदा तो हुकूम आमच्याच गावासाठी आला. वेंडेलची मुलगी मार्नी औषधांच्या दुकानात काम करायची. तिथून काढून टाकलेला एक माणूस रागाच्या भरात बंदुकीच्या दुकानात गेला आणि त्याच दुपारी बंदूक घेऊन परत आला. मार्नीसह तिघे गेले. त्या आठवड्यात वेंडेलने माझा दोर दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही.

तेव्हापासून दर वसंतात तो राजधानीला जाई. त्याचे मागणे फार मोठे नव्हते. बंदूक मागणाऱ्याची नीट चौकशी करा आणि ती हातात देण्याआधी त्याला काही दिवस थांबायला लावा, डोके थंड होऊ द्या, असा कायदा करा. विधिमंडळाच्या समितीपुढे त्याला बोलायला थोडा वेळ मिळे. सदस्य माना डोलावत आणि विधेयक पुढे ढकलत. पालथ्या घड्यावर पाणी. या वर्षी वेंडेलने ठरवले, आता जायचे नाही. समोरच्या खाणावळीची मालकीण लोरीन त्याला समजवायला आली, तर तो म्हणाला, "मार्नीचं नाव मी तिथं इतक्यांदा घेतलंय, की आता ते त्यांना पाठ झालंय. ऐकू येत नाही."

त्यानंतरची एक साधी सकाळ. झेंडा चढवायची पाळी चौथीतल्या ब्रियाची होती. एक सुळा नुकताच पडलेली, फार मन लावून काम करणारी मुलगी. तिच्या जोडीदाराला ताप होता आणि वेंडेल तळघरात पाण्याचा फुटलेला नळ धरून बसला होता. ब्रियाने झेंडा शेंड्याला टेकवला, मग सावकाश अर्ध्यावर आणला आणि घट्ट गाठ मारली. त्या दिवशी कसलाच हुकूम नव्हता.

मित्रांनो, मी दिवसभर वाट पाहिली, कुणीतरी विचारेल म्हणून. शाळेच्या बसचालकाने टोपी काढली. टपाल टाकणारी बाई क्षणभर थांबली आणि पुढे गेली. दुपारपर्यंत लोरीनच्या खाणावळीच्या पाटीवरून मटणाच्या रश्श्याची अक्षरे उतरली आणि 'त्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा' अशी अक्षरे चढली. कोण गेले, कुठे गेले, कुणीच विचारले नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

शाळा सुटायच्या सुमारास वेंडेल वर आला. झेंडा बघून त्याने कचेरीत चौकशी केली, मग रस्ता ओलांडून लोरीनला गाठले. ही पाटी कुणासाठी, असे त्याने विचारले.

"झेंडा खाली दिसला म्हणून लावली," ती म्हणाली. "कुणासाठी ते संध्याकाळच्या बातम्यांत कळेलच म्हटलं."

वेंडेल तिथूनच मागे फिरला. परत येऊन तो ब्रियाशेजारी पायरीवर बसला आणि झेंडा तिथे का बांधलास म्हणून त्याने हळूच विचारले.

"तिथंच असतो ना तो, मिस्टर वेंडेल?" ती गोंधळून म्हणाली. "आधी वर नेऊन टेकवायचा, मग त्याच्या जागी आणायचा. तुम्हीच तर शिकवलंत."

यंदा झेंडा बहुतेक दिवस अर्ध्यावरच राहिला होता. झेंडा चढवायची तिची वेळ यापूर्वी दोनदाच आली होती, आणि दोन्ही वेळा हुकूम होता. वेंडेलने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. लोरीन रस्त्यापलीकडे पाटीवरची अक्षरे उतरवत होती.

त्या आठवड्यात वेंडेल राजधानीला गेला. बरोबर लोरीन, बसचालक आणि गावातली माणसे, दोन बसगाड्या भरून. तिथे काय झाले ते लोरीनने परतल्यावर माझ्या पायाशी उभे राहून सांगितले. वेंडेल या वेळी मार्नीबद्दल बोलला नाही, ब्रियाबद्दल बोलला. ते ऐकून एका सदस्याने विचारले, शाळेत मुलांना झेंड्याचे नियम नीट शिकवत नाहीत का?

तेव्हा लोरीन मागच्या बाकावरून उठली. "नियम तिला पाठ आहेत, साहेब. खुशालीचा दिवस कसा असतो तेवढं तिनं पाहिलं नाही."

लोरीनला बाहेर जायला सांगितले. तिच्यामागोमाग दोन्ही बसगाड्यांतली माणसे उठून बाहेर गेली. विधेयक पुन्हा पुढच्या वर्षावर गेले. विधानभवनाच्या पायऱ्यांवर लोक रागाने रडले, आणि पुढच्या वर्षी दहा बसगाड्या आणू असे बसचालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलने ब्रियाला मुद्दाम बोलावले. तिने झेंडा शेंड्याला नेला आणि दोर तसाच धरून ठेवला.

"आज इथंच ठेवायचा?"

"हीच त्याची जागा," वेंडेल म्हणाला. "बांध."

वारा चांगला होता. झेंडा इतक्या उंचावर फडफडला की कबुतरे उडून गेली. ब्रिया मान वर करून हसत होती. मला वाटले, माझ्या गंजलेल्या अंगात पुन्हा जीव आला.

जेवणाच्या सुट्टीआधी कचेरीतला फोन वाजला. थोड्या वेळाने वेंडेल एकटाच पायऱ्या उतरून आला. वर्गाच्या खिडकीतून कुणी बघत नाही ना, हे त्याने आधी पाहिले. मग दोर सोडून झेंडा अर्ध्यावर आणला. ब्रियाला त्याने बोलावले नाही.

मित्रांनो, मला रंग नाही दिलात तरी चालेल. गंजून पडेन तोवर मी उभा राहीन. पण झेंडा खाली दिसला की टोपी काढून पुढे जाऊ नका. कोण गेले ते विचारा, का गेले ते विचारा आणि ज्यांच्या हातात कायदा आहे त्यांना उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी लोखंडाचा आहे, मला सवय होऊन चालते. तुम्ही सवय करून घेऊ नका.