गोटीबाबा आणि बोलावणारं घर

सकाळी साडेनऊलाच त्या इमारतीच्या फाटकाबाहेर रांग लागली होती. रांगेतला प्रत्येक जण भाड्याचं घर शोधून मेटाकुटीला आलेला. आत तळमजल्यावरच्या रिकाम्या घरात गोटीबाबा चमत्कार करत होते. ते उंबऱ्याशी काचेची गोटी ठेवायचे, स्वतः खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "ये बाळ, ये." गोटी क्षणभर विचार करायची आणि कुणी हात न लावता गडगडत थेट बाबांच्या पायाशी यायची. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी तरळायचं. घराने बोलावलं, म्हणजे घर लाभणार, असा त्याचा अर्थ होता.

बाबा आसपासच्या इतर इमारतींतही गोटी घेऊन जात. तिथे ती ढिम्म हलत नसे. मग बाबा हळहळत सांगत, "मुकं घर आहे हे. इथे राहाल तर तुमचीही वाचा बसेल." माझा नवरा विमा विकतो, त्याचं पोट बोलण्यावर. त्याने या धसक्यापायी दोन चांगली घरं हातची घालवली.

आणि आम्हाला घर हवं होतं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गवंडीकाम केलं आणि गेल्या वर्षी पाठीने दगा दिला तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत आहेत. आमचं तेव्हाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठ महिन्यांत अण्णा दोनदा खाली उतरले, दोन्ही वेळा दवाखान्यात जायला आणि दोन्ही वेळा नवऱ्याच्या पाठीवर बसून. त्यांचं मागणं एवढंच होतं की कुणाला न विचारता रस्त्यावर जाता यावं.

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे वहीत नोंद केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. प्रत्येक इमारतीला मी एक पान दिलं होतं. बाबांच्या या इमारतीच्या पानावर लिहिलं होतं: सोळापैकी अकरा घरं रिकामी. रंग ताजा. दारांना खालून रंधा मारलेला. दूधवाला म्हणतो, इथे भाडेकरू वर्षभरही टिकत नाही. नवऱ्याने ते वाचून विचारलं, तू घर बघतेस की चोर पकडतेस? आणि अण्णांना पाठीवर घेऊन रांगेत नंबर लावायला निघाला. मागून खुर्ची घेऊन मी.

आमचा नंबर आला. बाबांनी आधी प्रवचन दिलं. वास्तूला नाडी असते, नाडीत कंपनं असतात, कंपनांना कान असतात आणि त्या कानांना फक्त बाबांचा आवाज ऐकू येतो. नवरा मान डोलवत होता. मग गोटी सुटली आणि तिच्या मागोमाग, खुर्चीचा ब्रेक लावायला मी विसरले होते म्हणून, अण्णाही सुटले. दारातल्या लोकांनी हात जोडले. एक बाई तर हुंदके देऊ लागली. खुर्ची डुलत डुलत गेली आणि बाबांच्या नडगीवर आदळली. त्यावर बाबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो कुठल्याही पोथीत सापडणार नाही.

अण्णांनी मात्र खाली वाकून फरशीवरून तळवा फिरवला.

"बाबा," ते शांतपणे म्हणाले, "आता तुम्ही दारात उभे राहा आणि गोटीला तिकडे बोलवा."

त्या दिशेला आज मौन आहे, असं बाबांनी सांगितलं. अण्णांनी त्यांना नुसतंच बाजूला व्हायला लावलं आणि मला पुन्हा उंबऱ्यावरून गोटी सोडायला सांगितली. ती गेली त्याच कोपऱ्यात. तिथे आता एक झाडू तेवढा उभा होता.

"घराने झाडूला बोलावलंय," अण्णा म्हणाले. "त्याला लाभेल."

मग त्यांनी मला समोरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणायला पिटाळलं. नळीत पाणी भरलं, एक टोक दारात नवऱ्याने धरलं, दुसरं कोपऱ्यात मी. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं, गवंडी त्यावरूनच जमीन तपासतात. दोन्हीकडे फरशीपासून पाण्याची उंची मोजली. कोपऱ्यात ती चार बोटं जास्त भरली, म्हणजे तिथली फरशी चार बोटं खचलेली. खिडकीबाहेर पाहिलं तर भिंतीलगतची जमीन ओलीचिंब. जमिनीखालचा पाइप गळत होता आणि पायाखालची माती वाहून जात होती. दारं म्हणूनच अडकून त्यांना रंधा मारावा लागत होता आणि भाडेकरू म्हणूनच पळत होते. बाबा घरमालकाचे सख्खे मेव्हणे आहेत, ही माहिती वॉचमनने स्वखुशीने पुरवली.

रांगेतल्या एका गृहस्थाने हळूच विचारलं, "म्हणजे ती मुकी घरं सपाट होती?" आणि अर्धी रांग तिकडे धूम पळाली. नवऱ्याने नाकारलेली ती दोन घरंही त्यांनीच पटकावली. उरलेल्या अर्ध्या रांगेने नळीबाबा, नळीबाबा म्हणत अण्णांचे पाय धरले.

अण्णा इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "पाय सोडा आणि नळी धरा," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून मानू नका. पाणी कुठे उभं आहे ते आपल्या डोळ्यांनी बघा." एकेकाच्या हातात त्यांनी नळीचं टोक दिलं. या गडबडीत गोटीबाबा मागच्या दाराने पसार झाले.

दुपारी नवरा अण्णांना पाठीवर घेऊन जिना चढत होता. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबला, तेव्हा त्याने विचारलं, "अण्णा, तुम्हाला ते घर आवडलं नव्हतं का?"

"आवडलं होतं की. दार उघडलं की रस्ता," अण्णा म्हणाले. "पण मला आवडलं म्हणून जमीन सपाट होते का रे?"

उरलेल्या पायऱ्या नवरा न थांबता चढला.

घर मिळायला आणखी दीड महिना लागला. वहीतलं ते एकतिसावं पान. लिफ्ट चालते, दारं लागतात, आणि अण्णा रोज एकटे बाहेर जाऊन उशिरा येतात व माझी बोलणी खातात. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा नाडी आणि कंपनं फाटकाबाहेर ठेवा. दूधवाल्याला विचारा, दारं लावून बघा, नळ सोडून बघा. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर हात जोडण्याआधी त्याला जागा बदलून तोच चमत्कार पुन्हा करायला सांगा.